दोन टाक्या, तीन पाइप

पहाटे ५.३०

गाडीत पेट्रोल कालच भरून ठेवलं होतं. नमुने घ्यायच्या दिवशी वाटेत पंपावर थांबायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. बाहीला लागलेली त्याची वाफ नमुन्याच्या बाटलीत गेली, तर प्रयोगशाळेचा आकडा चढतो आणि एखाद्या निर्दोष जमिनीवर आळ येतो. म्हणून अत्तर नाही, नेलपेंट नाही, हाताला क्रीमसुद्धा नाही. "कारखान्यात चाललीस की सोवळ्यात स्वयंपाकाला?" असं आई विचारते.

६.१५

चहा आणि फाइल. कारखाना बंद पडला की जागा विकायला निघते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर हे रोजचं झालं आहे: रसायनांचे, रंगांचे, इंजिनीअरिंगचे कारखाने गेले, त्यांच्या जागी डेटा सेंटरं येताहेत. पैसे मोजण्याआधी खरेदीदार आमच्यासारख्यांना पाठवतो. जमिनीत काय मुरलं आहे ते शोधा म्हणून. पहिल्या टप्प्यात कुदळ लावायची नाही. कागद वाचायचे, जागा पायी हिंडायची, माणसांशी बोलायचं. त्यात संशयाला जागा निघाली तरच दुसरा टप्पा, म्हणजे बोअर मारून माती आणि पाणी तपासायचं. आज सकाळी रबाळ्याला एका बंद रंग-कारखान्याचा पहिला टप्पा, आणि दुपारी महाप्याला एका इंजिनीअरिंग शॉपचा दुसरा.

अमेरिकेतल्या आमच्या व्यवसायबंधूंना सॅनबॉर्न कंपनीचे जुने विमा-नकाशे मिळतात. आगीचा धोका मोजायला काढलेले. त्यात कुठल्या गल्लीत कुठली टाकी होती हेसुद्धा असतं. आपल्याकडे असलं काही नाही. एमआयडीसी १९६२ ची. भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले, त्यामुळे 'विक्री' म्हणजे खरं तर भाडेपट्ट्याचं हस्तांतरण. मग आम्ही कागद गोळा करतो: एमआयडीसीने मंजूर केलेला आराखडा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं, कारखाना निरीक्षकाचा परवाना, गूगल अर्थवरची जुनी छायाचित्रं. आणि माझा लाडका कागद म्हणजे नागपूरहून आलेला. ज्वालाग्राही द्रव साठवायला जी परवानगी लागते ती देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे, आणि तिच्या परवान्याला टाक्यांचा नकाशा जोडलेला असतो. आजच्या नकाशात जमिनीखालच्या दोन टाक्या आहेत. एक झायलीनची, एक मिनरल टर्पेंटाइनची. नकाशाची प्रत गाडीत ठेवली.

८.३०

गेटवर नाव, वेळ, सही, हेल्मेट. विकणाऱ्या कंपनीचे एक साहेब हजर होते. पन्नाशीचे, नेमस्त, हातात प्लास्टिकचं फोल्डर. त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "मॅडम, आमचं झिरो डिस्चार्ज होतं." हे वाक्य मी इतक्या गेटांवर ऐकलं आहे, की आता ते नमस्कारासारखं घेते आणि पुढे जाते.

मुलाखतीत 'तुम्ही सांडपाणी सोडत होता का' असं विचारून काही हाती लागत नाही. मी विचारते, रंग बदलताना भांडी कशाने धुवायचात? ते धुतलेलं थिनर कुठे जायचं? ड्रम रिकामे झाले की कोण न्यायचं? बॉयलर कशावर चालायचा? टाक्यांचं डिप रजिस्टर आहे का, म्हणजे टाकीत काठी बुडवून रोज साठा मोजायची वही? आलेला माल, वापरलेला माल आणि टाकीतला माल यांचा हिशेब जुळत नसेल, तर फरक कुठेतरी गेलेला असतो. साहेब म्हणाले, "वही होती. २००५ च्या पुरात गेली."

२६ जुलैच्या त्या पुराने महाराष्ट्रात जितक्या वह्या नेल्या असं मला सांगितलं जातं, तितक्या त्या साली छापल्याही नसतील. पण पूर आला होता हेही खरंच. मी 'उपलब्ध नाही' असं लिहून घेतलं.

९.१५

पायी हिंडायला सुरुवात. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, आणि जमिनीवर पावसाळ्यातला टाकळा गुडघ्याएवढा वाळून उभा. आमच्या कामाला हा महिना अडचणीचा. झाडोऱ्याने डाग झाकले जातात. उलटपक्षी, एवढ्या झाडोऱ्यात एखादा तुकडा बोडका राहिला असेल तर नजर तिथे जाते. इथे तसा एक होता. मी वाकून माती चोळली, वास घेतला नाही (माती नाकाला लावायची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात), आणि मग दोन विटा रचलेल्या दिसल्या. वॉचमन लोकांचं क्रिकेट. खेळपट्टीवर गवत उगवत नाही.

पिगमेंटच्या शेडमध्ये मात्र थांबले. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत भिंतीला लोणा लागला होता, पण पांढरा नव्हे, पिवळट. रंगाच्या धंद्यात पिवळा म्हटलं की लेड क्रोमेट आठवतं: त्यात शिसंही आहे आणि क्रोमियमही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम २०१६ चा आणि तो लागू झाला २०१७ मध्ये. हा कारखाना त्याआधीचा. फरशीच्या सांध्यांत तोच पिवळा. फरशी उखडली तर खाली काय असेल ते बोअरशिवाय कळणार नाही. सहा फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून. ट्रान्सफॉर्मरच्या ओट्यावर तेलाचा जुना डाग होता. नावपाटीवरचं साल टिपलं, कारण जुन्या तेलात पीसीबी ही विषारी रसायनं असू शकतात. छपराचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे. ते पाडताना काळजी घ्यायची एवढी एक ओळ अहवालात जाईल.

मागच्या बाजूला टाक्यांचं आवार. जमिनीखालची टाकी डोळ्यांना दिसत नाही, पण तिला श्वास घ्यायला वर पाइप काढावा लागतो. टँकरमधून माल आत ओतला की आतली हवा बाहेर पडायला वाट हवी. या पाइपला सगळे व्हेंट म्हणतात. तेव्हा टाक्या मोजायच्या तर झाकणं मोजण्याआधी भिंतीला धरून वर गेलेले व्हेंट मोजायचे. मी मोजले. एक, दोन. दोन्हींना वर जाळीची टोपी, खाली पेसोच्या नकाशाप्रमाणे माल भरायची तोंडं. दुसऱ्यापासून चारेक पावलांवर भिंतीला लोखंडी क्लॅम्प दिसला. कशालाच न धरलेला. त्याच्या खाली, घाणेरीच्या झुडपात, कमरेइतक्या उंचीवर कापलेला पाइप. तोंड सिमेंटने बुजवलेलं, वर भिंतीचाच रंग मारलेला. व्यास पहिल्या दोघांइतकाच.

साहेबांनी पाइपकडे पाहिलं, मग फोल्डरकडे. "हे पाण्याच्या टाकीचं असेल."

असेल. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीलाही हवेचा पाइप असतो. किंवा तिसरी टाकी परवान्याच्या आधीची असेल आणि रीतसर काढून नेली असेल. किंवा वाळू भरून जागच्या जागी सोडली असेल. किंवा गळू लागली म्हणून गुपचूप बंद केली असेल. चार शक्यता आणि चारही लिहायच्या. शक्यतांचा क्रम लावायचा मोह होतो, तो आवरायचा.

११.००

वॉचमन काकांनी चहा केला. साताऱ्याकडचे. कारखाना चालू असताना इथेच ड्रम हलवायचे, बंद झाल्यावर एजन्सीमार्फत पुन्हा इथेच आले. साहेब फोनवर बाहेर गेले होते. मी टाकीचा विषय काढलाच नाही. "काका, पावसात पाणी कुठं तुंबतं हो इथं?"

"कुठं न्हाई तुंबत? आख्खं आवार भरतंय. त्यो मागचा कोपरा सोडून."

"तिथं उतार आहे का?"

"उतार कसला. तितं पाणी ऱ्हातच न्हाई. जिरतंय."

ठाणे-बेलापूर पट्ट्यात पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी. मधे थोडा भराव, मग मुरूम, मग काळा पाषाण. दाबलेल्या भरावावर पाणी साचतं. जिथे ते चटकन जिरतं, तिथे कधीतरी खणून पुन्हा सैल माती टाकलेली असते. टाकी काढून नेताना खणतात तसं, किंवा पुरताना. ती कोणती, ते काकांच्या पाण्याने कळत नाही.

काकांना मी सांगितलं की तुमचं नाव अहवालात येणार नाही, 'माजी कर्मचारी' एवढंच येईल. ते म्हणाले, "नाव घाला की. मला कोण खातंय?" तरी घालणार नाही.

११.४५

ऑफिसात फायली. घातक कचरा कारखान्याबाहेर नेला की त्याची मॅनिफेस्ट पावती होते: किती, कोणता, कोणी नेला, कुठे पोचला. या पट्ट्यातला कचरा महाप्याच्या किंवा तळोज्याच्या सामायिक सुविधेत जातो. वर्षाअखेरचं विवरणपत्र ३० जूनपर्यंत मंडळाला द्यावं लागतं. पावत्यांची बेरीज आणि विवरणपत्रातला आकडा समोरासमोर ठेवले की बराच उलगडा होतो. इथल्या शेवटच्या वर्षांच्या पावत्या व्यवस्थित होत्या, आकडे जुळत होते, फायलीला पाठीवर नंबर होते. कोणीतरी मन लावून काम केलं होतं आणि तसं मी लिहिणार आहे. मात्र घातक कचऱ्याचे नियम मुळात १९८९ चे आणि या सामायिक सुविधा त्याहूनही उशिराच्या. कारखाना त्याआधीपासून रंग बनवतो आहे. त्या वर्षांतला गाळ कोणत्या कायद्याने कुठे न्यायला हवा होता? कोणत्याच नाही. तेव्हा तो मागच्या अंगणात पुरला असेल, तर त्यावेळी तो बहुधा गुन्हाही नव्हता. जमिनीला या कायदेशीर बारकाव्याचं काही देणंघेणं नसतं.

कागद पुरेसा नसतो याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातलं, लव्ह कॅनॉलचं. एका रसायन कंपनीने अर्धवट खणलेल्या कालव्यात २१,००० टनांच्या आसपास कचरा गाडला, वर माती लोटली आणि १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. लपवाछपवी नव्हती, खाली रसायनं आहेत, पुढे काही झालं तर आम्ही जबाबदार नाही, असं खरेदीखतातच लिहिलेलं होतं. सह्या झाल्या. शाळा बांधली, भोवती घरं झाली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून माणसं हलवावी लागली. त्यातून १९८० चा 'सुपरफंड' कायदा आला, आणि तो जागेच्या आजच्या मालकालाही धरतो, घाण त्याने केलेली असो वा नसो. घेण्याआधी नीट चौकशी केली होती असं दाखवता आलं, तर सुटायची वाट १९८६ च्या दुरुस्तीने ठेवली. माझा पगार त्या दुरुस्तीतून येतो म्हटलं तरी चालेल.

१.१५

डबा गाडीतच. कारलं.

२.००

महापे. इथे यंत्राच्या सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस उतरवायला ट्रायक्लोरोइथिलीन, सगळे टीसीई म्हणतात ते, वापरायचे. टीसीई पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड. डिझेल सांडलं तर भूजलावर तरंगतं. हे खाली बुडतं, पाषाणातल्या भेगा शोधत जातं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. हिशेब केला तर एक लिटर टीसीई २९ कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं.

बोअरवाले भाऊ नगरकडचे. विहिरींच्या बोअरमध्ये आयुष्य गेलेलं. "मॅडम, पाणी पाहिजे तर त्या आंब्याखाली लागंल," असं त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. पाण्याच्या बोअरला लावतात तो हवेच्या दाबाचा हातोडा मी पहिल्या दिवशीच नको म्हटलं होतं. ती हवा मातीतल्या वाफा उडवून लावते, आणि आम्हाला नेमक्या त्याच मोजायच्या असतात. म्हणून सुरुवातीचे चार-पाच फूट हाताने खणायचे, केबल किंवा पाइप नाही याची खात्री करून, आणि मग हळूहळू गाभा काढायचा.

गाभा पत्र्यावर आडवा ठेवला. वर विटांचा चुरा आणि भराव, मग लालसर मुरूम, मग ओलसर करडा. नाकाला काही नाही, डोळ्यांना काही नाही. दर अर्ध्या मीटरची मूठभर माती झिपच्या पिशवीत अर्धी भरायची, तोंड बंद करायचं, दहा मिनिटं सावलीत ठेवायची, मग पिशवीला भोक पाडून पीआयडीची नळी आत सरकवायची. हे यंत्र अतिनील दिव्याने रेणूंमधला इलेक्ट्रॉन उडवून वाफेचं प्रमाण दाखवतं. सकाळीच आयसोब्युटिलीनच्या १०० पीपीएम वायूवर ते जुळवून घेतलं होतं. पहिली पिशवी शून्य. दुसरी शून्य. तिसरी ०.४. अडीच मीटरची पिशवी टोचली आणि आकडा चढत ६० च्या पुढे गेला, थरथरला, थांबला. भाऊंनी वाकून पाहिलं. "वास तर काहीच न्हाई की हो."

हे यंत्रही भोळसट आहे. काय आहे ते सांगत नाही, काहीतरी आहे एवढंच सांगतं. क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइड असेल तर आमच्या १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दिव्याला त्यांचा इलेक्ट्रॉन उडवताच येत नाही आणि आकडा शून्य येतो. दमट हवेत कमी दाखवतं. म्हणून त्याच्या ६० वरून काही ठरवायचं नाही. कुठला नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा तेवढं ठरवायचं. अडीच मीटरचा पाठवला. त्याच्या खालचाही.

४.००

गेल्या आठवड्यात घातलेल्या तीन निरीक्षण-विहिरींतून पाणी. 'विहीर' म्हणजे मनगटाएवढा पीव्हीसी पाइप, खालच्या भागाला बारीक चिरा, भोवती खडी, वर बेंटोनाइट मातीचं बूच. पूर्वेची, डोंगराकडची विहीर आधी. तिच्यात जे येईल ते शेजारच्याकडून आलेलं. मग पश्चिमेच्या, खाडीकडच्या दोन. पंप अगदी मंद लावायचा, सामू आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत पाणी वाहू द्यायचं. यात वेळ जातो. विकणाऱ्यांचा माणूस तोवर दोनदा येऊन "झालं का?" विचारून गेला.

मग चाळीस मिलीच्या काचेच्या कुप्या, तळाशी आम्लाचे थेंब. पाणी कडेने सोडायचं, तोंडावर फुगीर गोलाई येऊ द्यायची, झाकण लावायचं, कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा दिसला की टाकून द्यायची, कारण वाफ त्या बुडबुड्यात पळते. सहकारी नवा आहे. त्याच्या चौथ्या कुपीतही मोहरीएवढा बुडबुडा निघाला. "चालेल ना ताई एवढा?" नाही चालत. प्रत्येक विहिरीला नवे हातमोजे. एका विहिरीचा नमुना दोनदा, वेगळ्या नावाने, प्रयोगशाळेची परीक्षा म्हणून. आणि शुद्ध पाण्याची एक कुपी, जी प्रयोगशाळेतून आली, दिवसभर आमच्याबरोबर हिंडली आणि न उघडता परत जाणार. तिच्यात काही सापडलं तर दोष जमिनीचा नाही, आमच्या पेटीचा.

५.४५

बर्फ, पेटी, सील, ताबा-साखळीचा कागद. कोणी दिलं, कोणी घेतलं, किती वाजता. चार अंशांवर ठेवलं आणि आम्ल घातलेलं असलं की या नमुन्यांना १४ दिवसांची मुदत असते. पण दिवाळी तोंडावर आहे, प्रयोगशाळा चार दिवस बंद. पेटी आजच गेली.

७.१५

ऑफिसात रबाळ्याच्या अहवालाचा मसुदा. मधेच दलालाचा फोन. त्याची बातमी माझ्या आधी पोचलेली. "मॅडम, ते पाइपचं जरा मोघम लिहा ना. डील एवढ्यासाठी अडायला नको."

मोघम लिहिणं या धंद्यात अवघड नाही. 'आवारात काही जुने पाइप आढळले' असं लिहिलं तर ते खोटं ठरत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मी लिहिलं ते असं: परवान्याच्या नकाशात भूमिगत टाक्या दोन, प्रत्यक्ष पाहणीत समान व्यासाचे उभे पाइप तीन, तिसरा कापून बुजवलेला, शेजारची जमीन पूर्वी खणली गेल्याची शक्यता, टाकी अस्तित्वात आहे, होती किंवा नव्हती याचा कागद उपलब्ध नाही. फोटो क्रमांक १७ ते २२. दलालाला सांगितलं, डील अडणार नाही, किंमत बदलेल कदाचित. तो म्हणाला, "तेच तर अडणं."

८.३०

खरेदीदाराचे वकील न्यू जर्सीत, त्यांची सकाळ. "जागा स्वच्छ आहे का?" मी म्हटलं, पहिल्या टप्प्यात तसं सांगताच येत नाही, कुठे खणून पाहायचं ते सांगता येतं. मग त्यांनी विचारलं, भारतात जबाबदारी कोणाची? प्रदूषण करणाऱ्याने भरावं हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडीच्या खटल्यात ठासून सांगितलं. तिथल्या विहिरींत रसायन कारखान्यांचा गाळ उतरला होता. पण त्या निकालाचे पैसे वसूल करायचा वाद २०११ पर्यंत चालला. दूषित जागांसाठी वेगळे नियम केंद्राने जुलै २०२५ मध्ये आणले. त्या वेळी देशातल्या अशा नोंदलेल्या जागा १०३ होत्या आणि सफाई सुरू झालेली फक्त सातांत. वकिलांनी विचारलं, "आमचा भूखंड त्या १०३ मध्ये आहे?" नाही. यादीत नसणं आणि दूषित नसणं यांतला फरक समजावण्यात पाव तास गेला.

शेवटी कामाचं ठरलं. भेट, मुलाखती, कागद यांना १८० दिवसांची मुदत. त्याच्या आत व्यवहार झाला नाही तर हे सगळं पुन्हा. पिवळ्या शेडच्या फरशीखाली दोन बोअर. आणि मागच्या कोपऱ्यात आधी जीपीआर, म्हणजे जमिनीत रडारच्या लहरी सोडून खाली लोखंड आहे का ते पाहणारं यंत्र.

९.३०

जीपीआरवाल्याला उद्या सकाळी आठला रबाळ्याच्या गेटवर बोलावलं आहे. घाणेरी आधी तोडून ठेवा असं काकांना फोन करून सांगितलं. त्याचे पैसे विकणाऱ्याने द्यायचे की घेणाऱ्याने, यावर दोन्ही बाजूंचे वकील अजून एकमेकांना मेल पाठवताहेत. सीसीत मी आहे.